हिरड्यांची डॉपलर होते का? मिश्री सोडल्यापासून आईच्या हिरड्यांतून रक्त येतंय

रिवाइंडिंगवाला, सोलापूर
२१ फेब्रुवारी

नमस्कार मंडळी. प्रश्न हिरड्यांचा आहे आणि विचारणारा मोटारी भरणारा, तेव्हा भाषा तशीच येणार, सांभाळून घ्या. अक्कलकोट रोड एमआयडीसीच्या कडेला माझं रिवाइंडिंगचं दुकान. यंत्रमागाच्या मोटारी, बोअरच्या सबमर्सिबल, उन्हाळा लागला की कूलरचे पंप.

आई ७४ वर्षांची. लग्न होऊन आली तेव्हापासून मिश्री, म्हणजे पन्नासच्या वर वर्षं धरा. तव्यावर तंबाखू काळी होईतो भाजायची, घरभर ठसका, मग कुटून, फडक्यातून चाळून डबीत. सकाळी एकदा, जेवल्यावर एकदा, आणि दुपारी शेजारच्या बायका बसायला आल्या की हिशेब नाही. उजव्या हाताचं पहिलं बोट काळं ते काळंच. तिला तंबाखू म्हटलेलं चालत नाही. "तंबाखू तुजा बाप खायचा. ही मिश्री हाय."

डिसेंबरात खालचे पुढचे दोन दात हलायला लागले. कडक भाकरी आमटीत भिजवून भिजवून खायची, शेंगाचटणीचा चुरा हिरडीत अडकतो म्हणायची. नेलं दवाखान्यात. डॉक्टर बारीक दांडी दातामागून दात टोचत आकडे बोलत गेले, "तीन, दोन, तीन, पाच, सहा, चार," आणि मुलगी लिहीत गेली. म्हणाले, रक्त फारसं नाही पण आत खोल गेलंय. ओठाच्या आत पांढरा चट्टा आहे, मिश्री बंद करा. आईनं त्यातलं 'रक्त नाही' एवढंच ऐकलं.

तरी सोडली तिनं. गड्ड्याच्या यात्रेत, १३ जानेवारीला, अक्षता पडल्या त्या दिवशी. सिद्धरामेश्वराला सांगून सोडली म्हणजे विषय संपला, आमच्यानं तिला परत घ्यायला लावणंही होणार नाही.

आणि तीन आठवड्यांत रक्त. चूळ भरली की पाणी गुलाबी. सकाळी उशीवर डाग. आता घरात रोज ऐकतोय: "मिश्रीनं हिरड्या आवळून धरल्या हुत्या. तुमी सोडाय लावली. आता बग, रगत यायलंय." मी गप्प. दुकानात गिऱ्हाईक म्हणतं की मोटार चांगली चालत होती, तुम्ही हात लावला आणि बिघडली, तेव्हा जसा गप्प बसतो तसाच.

गेल्या आठवड्यात परत नेलं. पुन्हा टोचणं, पुन्हा आकडे, या वेळी वाटी लाल. मग दात साफ केले. बिलावर लिहिलं होतं: अल्ट्रासॉनिक, १२०० रुपये. मी काउंटरवर विचारलं, अल्ट्रासॉनिकची फिल्म कुठंय, रिपोर्ट कधी मिळेल? मुलगी हसली. मागं खुर्चीवर बसलेला एक जण पण हसला. का हसले ते कुणी सांगितलं नाही, आणि मीही चिडून विचारलं नाही. दवाखान्याचं नाव विचारू नका, माणसं वाईट नाहीत.

मला वाटायचं कारण असं. मागल्या वर्षी माझा डावा पाय सुजला होता, तेव्हा पायाची डॉपलर, म्हणजे रक्त वाहताना दाखवणारी सोनोग्राफी, झाली. पडद्यावर लाल-निळं रक्त वाहताना बघितलं, सूं-सूं आवाज ऐकला. टोचणं नाही, कापणं नाही. मग हिरडीचं रक्त असं का बघत नाहीत? आमच्या धंद्यात मोटार आली की आधी मेगर, म्हणजे इन्सुलेशन तपासायचं मीटर, लावायचा, मग पाना हातात घ्यायचा. टोचून रक्त येतंय का बघायचं, ही कसली तपासणी?

आईला शुगर आहे, तीन महिन्यांची सरासरी ८.१. हृदयासाठी रक्त पातळ करायची ७५ ची गोळी चालू आहे. तिनं आता अट घातलीय: "मशीनवर दाव मला, हिरडी बरी हाय का बिघडली. मग मानते." आहे का असं मशीन? सोलापुरात आहे का?


कडक भाकरी
२१ फेब्रुवारी

मशीन-बिशीन सोडा मालक. हळद, सैंधव आणि मोहरीचं तेल, रात्री झोपताना चोळा. आमच्या आजीचे दात नव्वदीत शाबूत होते.


जेलची बाटली
२२ फेब्रुवारी

मालक, मी सोनोग्राफीची मशीनं दुरुस्त करतो. सोलापूर, लातूर, धाराशिव, विजापूर, जिथून फोन येईल तिथं. तुमचं बिल वाचून मीही हसलो, पण तुम्हाला नाही. शब्दच फसवा आहे.

दवाखान्यात जे झालं ते स्केलिंग. त्या यंत्राचं टोक सेकंदाला साधारण पंचवीस-तीस हजार वेळा थरथरतं आणि दातावरचं कीटण उडवतं. कानाला ऐकू येण्याच्या पलीकडचं म्हणून अल्ट्रासॉनिक, बास. चित्र नाही, फिल्म नाही. तुमच्या कामाची एक गोष्ट सांगतो. त्यातल्या एका जातीच्या दांडीत चक्क कॉइल असते आणि कॉइलच्या आत निकेलच्या पातळ पट्ट्यांचा गठ्ठा. चुंबकीय क्षेत्र बदललं की पट्ट्या किंचित आखडतात-ताणतात. लाइनीवरचा ट्रान्सफॉर्मर ज्यामुळं गुणगुणतो, तोच गुण. दुसऱ्या जातीत कॉइल नसते, वीज दिली की थरथरणारे स्फटिक असतात.

चित्र काढणाऱ्या मशीनची बात निराळी. पोटाला साडेतीन मेगाहर्ट्झच्या आसपास, मानेला-पायाला सात ते बारा. हिरडीसाठी वीस आणि वर. म्हणजे साफ करणाऱ्या टोकाच्या जवळजवळ हजारपट. का, तर हिरडी असते मिलिमीटरभर जाड. साडेतीन मेगाहर्ट्झच्या लाटेची लांबीच ०.४४ मिलिमीटर, त्यात हिरडीत दिसणार काय? वीसला ती ०.०८ वर येते. वर जाल तसा आवाज आत कमी शिरतो, पण हिरडीत कुठं दहा सेंटीमीटर शिरायचंय.

आता रक्ताचं. ऑस्ट्रियाच्या डॉपलरनं १८४२ साली ताऱ्यांच्या रंगासाठी मांडलेलं तत्त्व. वाहत्या रक्तावरून आवाज परत येताना त्याची पट्टी बदलते, किती बदलली त्यावरून वेग. हिशेब करून दाखवतो, तुम्हाला आवडेल. रक्त सेकंदाला एक सेंटीमीटर, प्रोब (मशीनचा अंगावर टेकवायचा भाग) ६० अंशात तिरका, मशीन वीस मेगाहर्ट्झचं: फरक येतो साधारण १३० हर्ट्झ. आपल्या ५० हर्ट्झच्या लाइनीवर ट्रान्सफॉर्मर १०० नं गुणगुणतो, त्याच्या जरा वर. म्हणून तर डॉपलर कानाला ऐकू येते. तेच रक्त पाच मेगाहर्ट्झनं मोजलं तर फरक बत्तीस. आणि प्रोब नळीला बरोबर काटकोनात धरला तर शून्य. रक्त वाहतंय आणि मशीन म्हणतंय थांबलंय! नवे डॉक्टर यावरून मला रात्री फोन करतात, मशीन बिघडलं म्हणून.

हिरडीच्या अगदी बारीक केशवाहिन्यांत रक्त सेकंदाला मिलिमीटरभरही सरकत नाही. फरक तेराच्या आत. इतकं हळू असलं की मशीन त्याला रक्त समजतच नाही, माणूस हलला असेल म्हणून गाळून टाकतं. म्हणून हिरडीवर नेहमीच्या लाल-निळ्यापेक्षा पॉवर डॉपलर बरी. ती दिशा सांगत नाही, हलणारं रक्त किती आहे तेवढं नारिंगी रंगात दाखवते, आणि कोनाची नाटकं कमी. जाता जाता: लाल म्हणजे शुद्ध आणि निळं म्हणजे अशुद्ध नव्हे हो. लाल म्हणजे प्रोबकडे येणारं, निळं म्हणजे लांब जाणारं. तुमच्या पायाच्या वेळी हे कुणी सांगितलं नसणार.

अडचणी सांगतो. पायाचा प्रोब चार-पाच सेंटीमीटर रुंद, तोंडात जाईना. 'हॉकी स्टिक' म्हणून एक लहान वाकडा प्रोब येतो, तो पुढच्या दातांच्या हिरडीपर्यंत पोचतो, दाढेला नाही. दुसरी अडचण मोठी. आरशासमोर उभे राहा, ओठ खाली ओढा, बोटानं हिरडी दाबा आणि सोडा. पांढरी पडली, मग गुलाबी झाली? तेवढ्या दाबानं रक्त बाहेर गेलं. प्रोब जरा जोरात टेकला की जे मोजायचं तेच गायब. म्हणून मधे जेलची जाड गादी ठेवावी लागते. आणि म्हाताऱ्या माणसानं एक आवंढा गिळला की सगळा पडदा रंगानं भरतो.

शेवटचं, इथलं. सोनोग्राफीचं मशीन म्हणजे मिक्सर नव्हे, की दातांच्या डॉक्टरनं मनात आलं आणि आणलं. गर्भलिंग निदानाचा १९९४ चा कायदा आहे, जागेची नोंद, मशीनची नोंद, भिंतीवर पाटी. दातांच्या दवाखान्यात ती पाटी लावायला कोण बसलंय?


रिवाइंडिंगवाला
२२ फेब्रुवारी

जेलवाले मालक, आरशासमोर उभा राहून दाबून बघितलं. बायको म्हणाली आता तुमचं काय? १३० हर्ट्झचा हिशेब दुकानातल्या पोरांना फळ्यावर करून दाखवला.

म्हणजे होतं, पण आईच्या दाढेपर्यंत पोचत नाही आणि सोलापुरात कुणी ठेवलेलं नाही, असं समजू का? आणि रक्ताचं कोडं राहिलंच.


मंगळवेढ्याची सून
२३ फेब्रुवारी

माझ्या सासूबाईंची पण मिश्रीच. रक्ताचा थेंब कधी नाही, ठणका नाही. दात मात्र एकेक करून हातात यायचे, ज्वारीच्या कणसातून दाणा निघावा तसे, आणि त्या ते तुळशीत टाकायच्या. डॉक्टरकडे जायचं कारणच पडलं नाही कधी. तुमच्या आईचं रक्त बघून मला उलट बरं वाटलं, का ते नीट सांगता येत नाही.


हिरडीची डॉक्टर, बार्शी
२४ फेब्रुवारी

मंगळवेढ्याच्या ताईंनी नेमकी दुखरी जागा दाबली आहे, तिथूनच सुरू करते.

हिरडीला सूज आली की आतल्या बारीक रक्तवाहिन्या वाढतात, फुगतात, आणि खिशाच्या, म्हणजे दात आणि हिरडी यांच्यातल्या फटीच्या, आतली त्वचा पातळ होते. दांडी लागली की रक्त येतं. आम्ही टोचत नाही हो, ती दांडी मोजपट्टी असते, टोकाला अर्ध्या मिलिमीटरची गोळी, आणि जोर फक्त पंचवीसेक ग्रॅमचा. नखाखाली लावली तर दुखू नये इतका. प्रत्येक दाताला सहा ठिकाणी फिरवायची. तीन मिलिमीटरपर्यंत ठीक, त्यापुढं खिसा. पाच-सहा म्हणजे मुळाभोवतीचं हाड खाली गेलेलं असण्याची शंका, मग एक्स-रे.

पुस्तक सांगतं की ज्या जागेतून पुन्हापुन्हा तपासूनही रक्त येत नाही, ती जागा बहुतेक शांत आहे. हा नियम चांगला आहे, पण तंबाखू नसलेल्या तोंडात. तंबाखूवाल्याच्या तोंडात तो खोटी साक्ष देतो. खिसा सहा मिलिमीटर, हाड गेलेलं, दात हलतोय, आणि हिरडी फिकट, टणक, कोरडी ठणठणीत. तुमच्या आईचा डिसेंबरचा कागद हाच आहे. मेगरची भाषा तुमची आहे म्हणून सांगते: तंबाखू म्हणजे मेगरच्या एका वायरीत मधेच, सिरीजमध्ये, कुणीतरी लपवून बसवलेला भलामोठा रेझिस्टन्स. इन्सुलेशन जळालंय, काटा मात्र 'उत्तम' दाखवतोय.

मग सोडल्यावर? सिगारेट सोडलेल्या लोकांवर हे मोजलेलं आहे. चार-सहा आठवड्यांत रक्त येणाऱ्या जागा जवळपास दुप्पट झाल्या होत्या, दात घासण्यात फरक नसताना. ती माणसं बिघडली नाहीत, त्यांच्या हिरड्या बोलायला लागल्या. मोजमाप सिगारेटवाल्यांचं आहे, पण मिश्री सोडलेल्या बायका माझ्या खुर्चीवर हेच गाऱ्हाणं घेऊन येतात, तुमच्या आईच्याच शब्दांत. त्यातल्या निम्म्या परत मिश्रीकडे वळतात आणि रक्त थांबलं म्हणून मला पेढे आणून देतात. काय बोलावं?

आता 'आवळून धरलं होतं' याबद्दल. आम्हीही वर्षानुवर्षं असंच शिकवलं, निकोटीन रक्तवाहिन्या आवळतं म्हणून रक्त येत नाही. पण १९८७ साली लेझर डॉपलरनं, म्हणजे आवाजाऐवजी लेझरच्या उजेडानं, सिगारेट ओढत असतानाच हिरडीतलं रक्त मोजलं तर ते घटलं नव्हतं, वाढलं होतं. सिगारेटनं रक्तदाब आणि ठोके वाढतात, त्याबरोबर हिरडीतही जास्त ढकललं गेलं. म्हणजे आवळण्याची गोष्ट त्या क्षणापुरतीही सरळ नाही. वर्षानुवर्षांच्या तंबाखूनं होतं ते वेगळं: सूज आली तरी तिथं रक्तवाहिन्या हव्या तितक्या वाढत नाहीत, वरची त्वचा जाड होते. तुम्ही जे विचारलंत, रक्त मोजता येतं का, ते याचसाठी महत्त्वाचं आहे. रक्त आलं किंवा नाही आलं, हे बल्ब पेटला-विझला इतकंच झालं. प्रवाह मोजला तर आकडा मिळतो, आणि तंबाखूवाल्याच्या बाबतीत आम्हाला आकडाच हवा असतो.

काम चालू आहे. अमेरिकेत मिशिगन विद्यापीठाच्या मंडळींनी २४ मेगाहर्ट्झचा प्रोब बनवून घेतला, टूथब्रशच्या डोक्याएवढा, दाढेपर्यंत जाईल असा. त्यात हिरडीची जाडी, हाडाची कड आणि पॉवर डॉपलरनं रक्त, तिन्ही दिसतं, आणि सुजलेल्या हिरडीत रंग जास्त भरतो. तोंडातल्या टाळूची कातडी काढून हिरडीवर लावायची असेल तर टाळूतली धमनी कुठून जाते हेही आधी कळतं. हा उपयोग मला सगळ्यात मोलाचा वाटतो, कारण ती धमनी कापली गेली की काय होतं ते मी पाहिलेलं आहे. कॅलिफोर्नियात सॅन डिएगोला आणखी गमतीचं केलं: २०१७ साली माकूळ या समुद्री जिवाची शाई घातलेली चूळ खिशात भरून त्यावर लेझर मारला. शाई तापून फुगते, फुगताना आवाज करते, तो आवाज सोनोग्राफीचा प्रोब ऐकतो, आणि खिसा किती खोल ते न टोचता कळतं. तुमच्या 'आधी मीटर, मग पाना'च्या जवळ जाणारं हेच. पण रोजच्या दवाखान्यात यातलं काही नाही, बार्शीतही नाही.

तुम्ही काय करायचं ते आता सांगते. त्या दवाखान्यातून दोन्ही वेळच्या आकड्यांचा कागद मागून घ्या, डिसेंबरचा आणि आत्ताचा. तो तुमचाच आहे. त्यात खोलीच्या शेजारी रक्ताच्या खुणा असतील, त्या मोजा. रक्त पातळ करायची गोळी स्वतःच्या मनानं बंद करू नका, तिनं रक्त थोडं जास्त दिसतं, ते चालेल. शुगर ८.१ राहिली तर हिरडी भरून येणं लांबतं, आणि हिरडीचा आजार निवळला तर शुगरही थोडी खाली येते. दोन्ही बाजूंनी ओढा. दोन महिन्यांनी परत मोजणी.

आणि हे सगळं बाजूला ठेवून: तो पांढरा चट्टा. त्याला डॉपलर नाही, हळद नाही. तोंडाच्या सर्जनकडे याच महिन्यात दाखवा आणि म्हणाले तर तुकडा तपासायला द्या. तुमच्या पत्रात चट्टा एका ओळीत आलाय आणि रक्त चाळीस ओळींत. मला उलटं हवं होतं.

कडक भाकरी यांना: हळदीनं कुणाचं नुकसान नाही. पण रात्री चोळायच्या सवयीतून मी मिश्री परत सुरू झालेली पाहिली आहे. बोटाला हिरडीवर फिरायची सवय नको.


कडक भाकरी
२४ फेब्रुवारी

बरं. आजी तंबाखूच्या पानाची देठं चघळायची, ते मी लिहिलं नव्हतं.


रिवाइंडिंगवाला
११ मे

मंडळी, उशीर झाला. ४३ डिग्री चाललंय, कूलरच्या मोटारींनी दुकानात पाय ठेवायला जागा नाही.

आधी चट्टा. डॉक्टर बाईंचं वाचून लाज वाटली, त्याच आठवड्यात नेलं. मार्चमध्ये तुकडा काढला, दोन टाके. दहा दिवस घरात कुणी मोठ्यानं बोललं नाही. रिपोर्टात कातडी जाड झालीय एवढंच आलं, पेशी बिघडलेल्या नाहीत. तरी दर तीन महिन्यांनी दाखवायचं आहे.

आता कागद. दवाखान्यात मागितल्यावर त्यांनी लगेच झेरॉक्स दिली, हसलेल्या त्याच मुलीनं. आईचे दात १९, सहा-सहा जागा, म्हणजे ११४. डिसेंबरात मिश्री चालू असताना रक्ताच्या खुणा ११. फेब्रुवारीत सोडल्यावर ३८. परवा, ९ मे ला, १४. खिसेही कमी झालेत, सहाचे दोन होते तिथं आता पाच आणि चार. हलणारे दोन दात मात्र हलतातच, ते मागच्या दोन दातांना बारीक तारेनं बांधून दिलेत. तार बघून मी म्हटलं हे मी केलं असतं, तर डॉक्टर म्हणाले बांधून बघा मग कळेल.

मी आकडे दुकानाच्या डायरीत मोटारीच्या रीडिंगसारखे मांडले आणि आईपुढं ठेवले. ११, ३८, १४. तिनं चष्मा लावून बघितलं. "म्हंजे मिश्री हुती तवा अकरा, आता चौदा. मिश्रीच बरी की." घ्या! अर्धा तास समजावलं की ते अकरा खोटे होते आणि हे चौदा खरे आहेत. तुमचा रेझिस्टन्सवाला दाखला दिला, तिला रेझिस्टन्स कळेना. शेवटी बायकोनं सांगितलं: "आत्या, पोरगं रडत नाही म्हणजे बरंच असतं असं नाही, कधी तापानं निपचित पडलेलं असतं." हे मात्र तिला पटलं. पाच पोरं वाढवलीत.

मशीनची अट राहिली होती. माझ्या पायाच्या तपासणीला गेल्या महिन्यात तिला बरोबर घेऊन गेलो. त्या डॉक्टरांकडे पेनासारखी हातातली डॉपलर असते, नुसता आवाज देणारी. त्यांनी आईच्या मनगटावर जेलचा थेंब टाकला आणि पेन टेकवला. सूं-खट, सूं-खट. आई दचकली, मग कान पुढं केला. "मागावानी वाजतंय की रं." मग सरळ ओठ खाली ओढून म्हणाली, आता हितं लाव. डॉक्टर हसले, पण लावला नाही. म्हणाले मावशी, हा पेन हिरडीसाठी नाही, याला तुमच्या ओठाचं, हिरडीचं सगळं एकदमच ऐकू येईल. बाहेर आल्यावर मला म्हणाली, "न्हाई तर न्हाई. हाय आत रगत, आयकू आलं."

मिश्रीची डबी अजून फळीवर आहे. आत ओवा भरलाय.

जेलवाले मालक, एक विचारायचं राहिलं. सोनोग्राफीचा प्रोब मेला तर त्याचं वाइंडिंग भरता येतं का? तसा एखादा पडून असेल तर बघायला आवडेल.


जेलची बाटली
११ मे

प्रोबमध्ये वाइंडिंग नसतं मालक, ओळीनं स्फटिक असतात, केसाएवढ्या अंतरानं, आणि प्रत्येकाला आपली वेगळी बारीक तार. एक मेलेला आहे माझ्याकडं, वायर उंदरानं कुरतडलेली. बाहेर द्यायचा नाही, पण इथं बसून उघडू. भिंग घेऊन या, आणि रविवारी या, इतर दिवशी मी सापडत नाही.